फळ येईपर्यंत टिकणारा पत्ता

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसापेक्षा अहवाल जास्त पिकत. मी अमरावतीत संत्रा बागायतदारांच्या एका संघाची वेबसाइट बनवत होतो. रोपवाटिकेतल्या कलमांच्या प्रत्येक खेपेला स्वतःचं पान होतं: डोळा कुठल्या झाडाचा, तो ज्यावर बांधला तो खुंट कुठला, बांधला कोणी.

शेंदूरजनाघाटचे एक चाचा, तीन पिढ्यांचे कलमवाले, त्या पानाचा पत्ता अॅल्युमिनियमच्या पट्टीवर एकेक अक्षर हातोडीनं ठोकत आणि पट्टी कलमाला बांधत. मी पत्त्यात संघाच्या मोहिमेचं नाव, तालुका, गाव, वर्ष, सगळं कोंबलं होतं.

"बेटा, पत्ता हाय का लग्नपत्रिका?" चाचा म्हणाले. "हे ठोकता ठोकता कलमाले फळ येऊन जाईन."

तरी ठोकलं. पट्ट्या पार पातूरपर्यंत गेल्या.

मग संघाला नवे अध्यक्ष मिळाले आणि मोहिमेला नवं नाव. नारळ फुटला, हार पडले. त्यांच्या सांगण्यावरून मी पत्त्यातलंही नाव बदललं आणि चाचांच्या साऱ्या पट्ट्या एका दुपारीत खोट्या ठरवल्या.

चाचा एक पट्टी घेऊन अमरावतीला आले. "संत्र्याले फळ याले पाच-सहा वर्षं लागतात. फळ कसं बी निघो, गिऱ्हाईक हे पट्टीच पाह्यन. पान नाई उघडलं तं लबाड कोन? मीच ना?"

पत्त्यात काय घालायचं याचाच मी विचार केला होता. काय घालायचं नाही, याचा कधीच नाही. आता संघाच्या साइटच्या नावापुढे मी प्रत्येक खेपेचा फक्त एक क्रमांक ठेवला. सारी खेप वाळून गेली तरी तो दुसरीला द्यायचा नाही. आणि जुना लांबलचक पत्ता टाकला तरी त्याच पानावर पोचावं, अशी सोय केली.

"माझ्या मोहिमेचं नाव काहून काढलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"पानाच्या डोक्यावर आहे, ठळक. पत्ता ठोकावा लागतो साहेब, नाव नुसतं लिहिता येतं."

चाचांनी क्रमांकातले आकडे मोजले. "सहाच? हे जमन."

पुढे आणखी दोन अध्यक्ष आले नि गेले. एके सकाळी चाचांचा फोन आला. पातूरच्या एका बाईंच्या बागेत पहिला बहार उतरला होता. पट्टीवरचा तो जुना, लग्नपत्रिकेएवढा पत्ता त्यांनी सायबर कॅफेत अक्षर अक्षर लावून टाकला होता.

"पान उघडलं, बेटा. त्याच झाडाची दोनशे कलमं पायजे म्हनते." पलीकडे काहीतरी खणखणलं. "ठेव आता फोन. हातोडी घेतली."