साडूभाऊंचा झूमचा कॅमेरा

माणसाच्या जवळ जाऊन त्याचा फोटो काढणं म्हणजे त्याचा अपमान करणं, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान राहायला दवनीवाड्याला, घरची धानाची शेती. १९९९ साली ते मोटारपंपाचा एक सुटा भाग आणायला म्हणून नागपूरला गेले आणि येताना मुठीत मावेल असा, रोल घालायचा, झूमचा कॅमेरा घेऊन आले. पंप त्या वर्षी तसाच बंद राहिला. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की पुढची नळी 'झ्झ्झ' करत बाहेर यायची, आणि तो आवाज ऐकताना साडूभाऊ असे डोळे मिटायचे की जणू कुणी मोठा गवई षड्ज लावतोय. "मानसानं आपल्या जागेवर राहावं," ते सांगायचे, "त्याले जवळ आनाचं काम मशीन करते." कॅमेऱ्याला दमट हवा बाधू नये म्हणून तो तांदळाने भरलेल्या स्टीलच्या डब्यात पुरून ठेवलेला असे. त्यामुळे नळी बाहेर आली की हमखास दोन-चार दाणे शेजारी उभ्या असलेल्याच्या अंगावर पडत. लग्नात त्यांच्या शेजारी उभं राहिलं की अक्षता वेगळ्या घ्याव्या लागत नाहीत, असं माझी बायको म्हणायची.

आमच्या मुलाच्या बारशाला फोटोचं काम अर्थातच त्यांच्याकडे होतं. पाळणा माजघरात. साडूभाऊ एक डोळा मिटून मागे सरकू लागले. सरकत सरकत ते ओसरीवर गेले, अंगणात उतरले, फाटकाबाहेर पडले आणि अखेर रस्ता ओलांडून समोरच्यांच्या ओट्यावर चढले. तिथून त्यांनी "हसा!" म्हणून जी आरोळी ठोकली, ती ऐकून आम्ही हसलो खरे, पण त्याच क्षणी मधून एक बैलगाडी गेली. फोटोत दोन बैल फार सुरेख आलेत. त्यांच्या शिंगांमधून निरखून पाहिलं तर पाळण्याची दोरी दिसते. झूम जिथवर पोहोचतो तिथवर फ्लॅशचा उजेडही पोहोचतोच, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यामुळे दिवेलागणीनंतरचे त्यांचे सगळे फोटो काळेकुट्ट यायचे. तेही ते प्रेमाने दाखवायचे. काळ्या कागदावर बोट ठेवून म्हणायचे, "हे तुमी, ह्या तुमच्या सासूबाई. इकडं जिलेबी."

पण त्यांचा खरा जीव होता सारसांवर. त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सारस पक्ष्यांची एक जोडी उतरायची, आणि तिच्यापायी साडूभाऊ रोलमागून रोल संपवत. भरलेला रोल ते एसटीने माझ्याकडे गोंदियाला पाठवायचे आणि तो धुवून घ्यायचं काम माझं. पाकीट मी कधी उघडून बघत नसे. हिरव्यागार शेतात राखाडी रंगाचे दोन ठिपके, यात बघायचं काय?

एकदा स्टुडिओवाल्यानेच मला थांबवलं. "भाईसाब, एक बात पूछूँ? ये आदमी कौन है? हर रोल में यही है."

मी फोटो हातात घेतले. सारस होते, पण पार कडेला. मधोमध बंडी घातलेला, खांद्यावर गमछा टाकलेला एक म्हातारा होता. एका फोटोत धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, बसून तंबाखू मळणारा, एकात चिखलात वाकलेला, एकात गुडघ्यांवर हात टेकून खोकणारा. सगळे फोटो लांबून, झूम पुरता ताणून काढलेले आणि जरा हललेले. तो म्हातारा म्हणजे साडूभाऊंचा सख्खा थोरला भाऊ. धाकट्याने धुरा हातभर सरकवला, या संशयावरून दोघं भाऊ सहा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. दोन्ही घरांना भिंत एकच. त्या भिंतीवरून जावाजावांच्या भाजीच्या वाट्या जात-येत होत्या, पण भाऊ एकमेकांना पाहून रस्ता बदलायचे.

"तुम्ही यात पडू नका," बायकोने बजावलं. मी पडलो. रविवारी दवनीवाड्याला गेलो आणि साडूभाऊंच्या घरी न जाता शेजारच्या दारात शिरलो. थोरल्यांच्या पुढ्यात पाकीट ठेवलं.

"हे कोनं काढले?"

"तुमच्या लहान भावानं. गेली सहा वर्षं काढताहेत."

म्हाताऱ्याने फोटो पत्त्यांसारखे मांडले. बराच वेळ पाहिले. "मी इतका बुढा कवा झालो बापा?" मग खोकण्याच्या फोटोवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "ह्या खोकल्याचं मी घरी कोनाले सांगतलो नाई. पोरालेबी नाई."

ते उठले. पेटीतून लग्नाकार्याचा कोट काढला, टोपी घातली आणि भिंतीला वळसा घालून सरळ साडूभाऊंच्या अंगणात उभे राहिले. साडूभाऊ सुंभाची दोरी वळत होते. ती त्यांच्या हातातून गळाली.

"काढ," थोरले म्हणाले. "जवळून काढ. लांबून माहा चेहरा दिसत नाई."

साडूभाऊंनी डब्यातून कॅमेरा उपसला आणि सवयीने एक पाऊल मागे टाकलं.

"मांगं काऊन जाऊन राहिला गा? मी का चावतो?"

साडूभाऊ पुढे आले. हाताच्या अंतरावर, जिथे मी त्यांना कधी कुणासमोर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. बटण दाबलं. नळी 'झ्झ्' करून अर्धवट बाहेर आली आणि थांबली.

"काय झालं?"

"सेल संपला."

"मंग?"

"गोंदियाले भेटते."

थोरल्यांनी कोट झटकला. "मंग उद्या येतो."

सेल पाठवायचं मी कबूल केलं होतं. थोरले दुसऱ्या दिवशी कोट घालून आले, तिसऱ्या दिवशीही आले. सेल काही आला नव्हता, म्हणून चहा घेऊन गेले. चौथ्या दिवशी त्यांनी कोट घातलाच नाही, नुसतेच आले. सेल मी आठ दिवसांनी पाठवला. मला मुळीच घाई नव्हती. इतक्या जवळून काढलेला तो फोटो धुरकट आला. टोपी कापली गेली, मिशा तेवढ्या ओळखू येतात. थोरल्यांनी तो चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावला. धुरा नक्की कुणी सरकवला होता, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

पुढे रोल मिळेनासे झाले. स्टुडिओत मोबाईलची कव्हरं लटकू लागली. एका संध्याकाळी दवनीवाड्याला गेलो तर दोघं भाऊ एकाच खाटेवर एकमेकांना टेकून बसलेले. "आता फोटो काढत नाही वाटतं?" मी विचारलं.

"कायले काढू?" साडूभाऊ म्हणाले. "तो बसून राहिला ना इथंच."

पुढच्या रोवणीपर्यंत थोरले राहिले नाहीत. साडूभाऊ अजून संध्याकाळी अंगणात खाट टाकतात. मोठी खाट आहे, मधोमध ऐसपैस बसावं इतकी. पण ते बसतात एका कडेला, आणि कुणी पाहुणा दुसऱ्या बाजूला टेकू लागला तर लगबगीने उठून त्याला आतून खुर्ची आणून देतात.