आई एफवायला, पोरगा एसवायला

शिरूरच्या एका कॉलेजात मी गेली सतरा वर्षं ग्रंथालयात पुस्तकं देतो-घेतो. पोरं मला मामा म्हणतात. सुषमाबाई कोळपेही मामाच म्हणायच्या. पुढे कळलं की त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत, पण तोवर सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं.

सुषमाबाई मांडवगण फराट्याच्या. घरची तीन एकर जमीन, ऊस, कांदा आणि दोन म्हशी. नवरा मल्हारी रांजणगावला एका कंपनीत. शिफ्ट असेल तसा घरी दिसणारा. सासू बानूबाई. आणि एकुलता एक रविराज, आमच्याच कॉलेजात बीकॉमला. तो रोज सकाळी मोटरसायकलवर निघायचा आणि दिवस कलताना परत यायचा. आज काय शिकवलं, असं आईनं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "तुला न्हाई कळायचं."

हे उत्तर सुषमाबाईंनी वर्षभर ऐकून घेतलं. त्या बारावी पास होत्या, सदुसष्ट टक्के. तेव्हा कॉलेजचा फॉर्म आणूनही ठेवला होता, पण भरायच्या आत लग्न ठरलं. म्हणून त्या जूनमध्ये भाकरी थापता थापता त्यांनी सांगून टाकलं की मी कॉलेजात नाव घालतेय. मल्हारीला वाटलं थट्टा चाललीय. रविराजला मात्र ती थट्टा वाटली नाही. त्याचा घास हातातच राहिला. शेवटी निकाल दिला तो बानूबाईंनी. म्हशींचं मी बघते, तिला जाऊ द्या, निदान पोरगं तिथं काय करतंय ते तरी घरात कळंल, असं त्या म्हणाल्या.

बारावी आणि प्रवेश यांच्यात बावीस वर्षांचा खंड, म्हणून प्रतिज्ञापत्र लागलं. त्यात खंड पडण्याचं कारण लिहायचं असतं. सुषमाबाईंनी वकिलाला प्रामाणिकपणे सांगितलं: लग्न, एक मुलगा, सासऱ्यांचं आजारपण आणि म्हशी. वकिलानं म्हशी खोडल्या.

ऑफिसात सावळाराम भाऊसाहेबांनी फॉर्म तपासला आणि नेहमीच्या सुरात विचारलं, मेजर मराठी घेतलंय, मायनर काय?

"भाऊसाहेब, मी एकेचाळीस वर्सांची हाय," सुषमाबाई म्हणाल्या. "मी मायनर कशी?"

सावळाराम भाऊसाहेबांना मी नोकरीत पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा. मग त्यांनी स्वतः खुर्चीतून उठून नव्या धोरणातले मुख्य विषय, दुय्यम विषय आणि क्रेडिट समजावून सांगितलं. क्रेडिट म्हटल्यावर बाईंना गावची पतसंस्था आठवली. दुय्यम विषय म्हणून त्यांनी भूगोल घेतला.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रविराजनं आईला ओट्यावर बसवलं. सगळ्यात आधी त्यानं शब्द घेतला की कॉलेजात तू मला ओळख द्यायची नाहीस, काही झालं तरी. एवढं पदरात पडल्यावर त्याला आईची जरा दया आली आणि तो मोकळेपणानं सल्ले देऊ लागला. पहिल्या बाकावर बसू नको, सर प्रश्न विचारतात. शेवटच्याही नको, तिथं पण विचारतात. खिडकीजवळचा तिसरा बाक बरा. गाडी कडुनिंबाखाली लावायची नाही, वर कावळे असतात. कँटीनचा वडा दहाच्या आत घेतला तर तो कालचा असतो. भाऊसाहेबांचा चहा झाल्याशिवाय ऑफिसच्या खिडकीत तोंड घालायचं नाही. पोरांना बाळा म्हणायचं नाही. वर्गाच्या ग्रुपवर फुलांचे फोटो टाकायचे नाहीत. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स जवळ ठेवायच्या. आणि पहिला महिनाभर हजेरी कुणी घेत नाही, तेव्हा तू पंधरा ऑगस्टनंतर आलीस तरी चालेल.

सुषमाबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या मागे हे सगळं लिहून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं की ग्रंथालय कुठं आहे. वर कुठंतरी असंल, असं रविराज म्हणाला. आमचं ग्रंथालय तळमजल्यावर, गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला आहे. रविराजचं हे उत्तर मला बाईंनीच नंतर सांगितलं आणि मला त्याचं वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी त्या सकाळच्या एसटीनं आल्या. गेटवर नेमकी आयकार्डाची तपासणी चालली होती आणि रविराजला वॉचमननं अडवून धरलं होतं, कारण त्याचं कार्ड मागच्या वर्षीच हरवलं होतं. मागे गाड्यांची रांग लागली, सगळे हॉर्न वाजवायला लागले. तेवढ्यात त्याला आई येताना दिसली. अडचणीत माणूस घेतलेला शब्द विसरतो. तो वॉचमनला म्हणाला, त्या बाईंना विचारा, त्या माझ्या आई आहेत.

वॉचमननं विचारलं. सुषमाबाईंनी रविराजकडे नीट निरखून पाहिलं.

"न्हाई बा," त्या म्हणाल्या, "मी ह्यांना वळखत न्हाई." आणि स्वतःचं नवं कार्ड दाखवून आत गेल्या.

वर्गात त्या शिरल्या तर साठ पोरं उठून उभी राहिली आणि एका सुरात गुड मॉर्निंग मॅडम म्हणाली. बाई गोंधळल्या. काहीतरी म्हणायला पाहिजे म्हणून बसा म्हणाल्या. पोरं बसली. त्याही खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. मग खऱ्या मॅडम आल्या, हर्षदा मॅडम. त्यांचं वय सत्तावीस, अंगानं बारीक, पाठीला सॅक. त्यांच्यासाठी कुणीच उठलं नाही. मागच्या एकानं तर त्यांना, इथं जागा आहे, असं सांगितलं. मॅडमनी फळ्यावर आपलं नाव लिहिलं आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर हजेरी घेतली.

तिथून पुढे सुषमाबाईंनी मुलाचे सल्ले एकेक करून तपासायला घेतले. कावळे आणि वडा याबाबत तो अचूक होता. तीन झेरॉक्सचा सल्ला तर सोन्यासारखा निघाला. पण वर्ग, शिक्षक, परीक्षा आणि पुस्तकं याबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. पार्किंग आणि कँटीन एवढ्या भागाचा तो जाणकार होता. बाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

त्यांच्या बाकावर न्हावऱ्याची सोनम बसायची. पोरगी हुशार, पण इतकी बुजरी की वर्ग सापडला नाही तर कुणाला विचारायचं सोडून संडासात जाऊन उभी राहायची. बाईंनी तिला सोबत घेतलं. दोघी ग्रंथालयात आल्या, तेव्हा सोनम दारातच थांबली आणि बाईंनी मला सरळ विचारलं की पुस्तक कसं मागतात. सतरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पोरांना तो पडतो, पण ती विचारत नाहीत. नुसती पंख्याखाली बसून जातात. मी कार्ड कसं करायचं, पुस्तकाचा आकडा कसा बघायचा, सगळं दाखवलं. सोनम मागून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सोनमनं आणखी चौघींना आणलं.

महिन्याभरात अशी गत झाली की शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठं मिळतो, वेळापत्रक बदललं का, परतीची एसटी कितीला, हे सगळं एफवायची पोरं सुषमाबाईंना विचारायला लागली. बाई रोज सकाळी आधी नोटीसबोर्डासमोर उभ्या राहायच्या आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचायच्या, हरवलेल्या छत्रीच्या चिठ्ठीसह. त्याशिवाय त्या वर्गात जात नसत.

सप्टेंबरात एके दिवशी त्या बोर्डावर हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. सातव्या ओळीत होतं: कोळपे रविराज मल्हारी, एसवायबीकॉम, एकोणीस टक्के. खाली सूचना होती की सोमवारी अकरा वाजता पालकांना घेऊन हजर राहावे.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि वर्गात गेल्या. रविराज नोटीसबोर्ड वाचणाऱ्यातला नव्हता. त्याला शनिवारी मित्रांकडून कळलं. तो घरी दोन दिवस फार शहाण्यासारखा वागला. आजीचं औषध आणलं, म्हशींना पाणी पाजलं. बानूबाईंनी सुनेला विचारलं की ह्याला ताप-बिप आलाय का.

सोमवारी पालकांची गाठभेट ग्रंथालयाशेजारच्या खोलीत होती. मधलं दार उघडंच असतं, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. हजेरीचं काम हर्षदा मॅडमकडे होतं. पालकांची नावं रजिस्टरला लिहायला त्यांना सुवाच्य अक्षराचं कुणीतरी हवं होतं, आणि सगळ्या वर्गात सुवाच्य अक्षर एकच होतं. मॅडमना दोन कोळप्यांचं नातं ठाऊक नव्हतं. त्या भागात कोळपे पुष्कळ.

सव्वाअकराला रविराज आला. सोबत पप्पू. हा रविराजच्या मित्राचा थोरला भाऊ, वय सव्वीस, रांजणगावला फोर्कलिफ्ट चालवायचा. आज त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, कपाळाला भंडारा लावला होता आणि वय वाढावं म्हणून कुणाचा तरी चष्मा चढवला होता. त्या चष्म्यातून त्याला दार दिसेना. रविराजला मात्र टेबलामागे पेन घेऊन बसलेली आई स्वच्छ दिसली. तो जागच्या जागी उभा राहिला. पण पप्पू आत गेला होता आणि नमस्कारही घालून मोकळा झाला होता.

सुषमाबाईंनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

पप्पूनं नाव सांगितलं, पप्पू मेंगाजी कोळपे. मॅडमनी विचारलं की तुम्ही विद्यार्थ्याचे कोण. पप्पू म्हणाला, काका, वडलांचा सख्खा भाऊ. वडील शिफ्टला असतात आणि आईला काही कळत नाही, म्हणून घरचं सगळं मीच बघतो.

बाईंनी शांतपणे लिहिलं आणि रजिस्टर सहीसाठी मॅडमपुढे सरकवलं. मॅडम वाचायला लागल्या आणि एका रकान्यावर थांबल्या. नातं या शब्दाखाली बाईंनी लिहिलं होतं, दीर.

"दीर?" मॅडम म्हणाल्या. "काका लिहायचं ना. दीर कुणाचे?"

"माझं, मॅडम," सुषमाबाई म्हणाल्या. "माझ्या मालकांचं सख्खं भाऊ हायती म्हनत्यात. लग्नाला बावीस वर्सं झाली, मला घरात कुनी सांगितलंच न्हाई."

पप्पूनं चष्मा काढला. बाईंकडे पाहिलं, रविराजकडे पाहिलं, आणि माझी शिफ्ट आहे असं पुटपुटत जो निघाला तो आमच्या मधल्या दारातून ग्रंथालयात, तिथून नकाशाच्या स्टँडवर आदळून बाहेर. मॅडमना रागवायचं होतं. त्यांनी तोंड कडक करायचा दोनदा प्रयत्न केला, मग रजिस्टर तोंडापुढे धरलं. रजिस्टर बराच वेळ हलत होतं.

हसू आवरल्यावर त्यांनी रविराजला मात्र चांगलंच फैलावर घेतलं. पुन्हा असं झालं तर परीक्षेला बसू दिलं नाही तरी चालेल, असं हमीपत्र लिहून घेतलं. पालकाची सही करायला त्यांनी पेन सुषमाबाईंच्या पुढे केलं. सही करून त्या तशाच पुढच्या तासाला गेल्या.

त्या दिवशी रविराजची गाडी बंद पडली, की त्यानं मुद्दाम ठेवून दिली, ते मला माहीत नाही. पण परतीच्या एसटीत तो आईच्या शेजारी येऊन बसला. पुढचं बाईंनी मला सांगितलं. न्हावरं आल्यावर तो आपणहून म्हणाला की गेल्या वर्षी पहिल्याच महिन्यात अकाउंट्समधलं इंग्रजी डोक्यावरून गेलं. बाकीच्यांना येतं असं वाटलं, विचारायची लाज वाटली. एक तास बुडवला, मग पुढचा कळेना, म्हणून तोही बुडवला. पार्किंगमध्ये निदान कुणी काही विचारत नव्हतं.

रागवायचं सगळं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. पोराचं तोंड पाहिलं आणि ते राहून गेलं. वर्षभर तो तुला न्हाई कळायचं असं जे म्हणत होता, ते आईबद्दल नव्हतंच, हे त्यांना तेव्हा उमगलं.

"नवं असतानाच विचारून घ्यायचं असतं," त्या म्हणाल्या. "तवा कुनी हसत न्हाई. तू उशीर केलास, आता चार जन हसतील. हसू दे. उद्या सरांकडं जा."

तो गेला. लगेच फार काही पालटलं असं नाही. हजेरी साठ टक्क्यांच्या वर काही गेली नाही. पण तो ग्रंथालयात यायला लागला आणि पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं की ही खोली कधी बांधली. उन्हाळ्यात निकाल लागले. रविराजचा एक विषय राहिला. सुषमाबाईंना मराठीत वर्गात सगळ्यांत जास्त गुण आणि सक्तीच्या इंग्रजीत एटीकेटी. बानूबाईंनी घरात साखर वाटली आणि एटीकेटी म्हणजे मोठी पदवी असावी अशा समजुतीनं गावभर सांगितलंही. ते निस्तरायला मल्हारीला एक सुट्टी खर्ची घालावी लागली.

यंदा जूनमध्ये नवीन पोरांच्या स्वागताला प्राचार्यांनी सुषमाबाईंना बोलायला उभं केलं. त्या चारच मिनिटं बोलल्या. घरून खाऊन निघा, रिकाम्या पोटी कोणतंच भाषण कळत नाही. शिक्षकांची नावं पाठ करा, त्यांनाही बरं वाटतं. शेजारी गप्प बसलेली पोरगी शिष्ट नसते, घाबरलेली असते, तिच्याशी तुम्ही आधी बोला. मग त्यांना पुढचं सुचेना, तेव्हा त्या बसा म्हणाल्या. सगळे आधीच बसलेले होते.

कार्यक्रम संपल्यावर त्या आमच्या पायरीवर डबा खात होत्या. नदीपलीकडचे, दौंड तालुक्यातल्या नानगावचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. त्यांनी बाईंना विचारलं की तुमची मुलगी कोणत्या वर्गात आहे. मी स्वतःच एसवायला आहे, असं बाईंनी सांगितलं. गृहस्थांनी मुलीला झेरॉक्स आणायला पाठवलं आणि आवाज खाली आणून विचारलं की आमच्या मंडळींना पण शिकायची हौस आहे, जमंल का.

"बारावी झाली का त्यांची?"

"न्हाई. दहावी."

"मग आधी सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बारावी करा," बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. "शाळा सोडल्याचा दाखला सापडतोय का बघाय सांगा त्यांना आजच."

गृहस्थ खिशातून फोन काढत गेटकडे गेले.