अनुमोदन

"तुझा आवाज अनुमोदनाचाच आहे. बस खाली."

सर असं म्हणाले तेव्हा मी सहावीत होते. नागपूरजवळ आता ज्याला मिहान म्हणतात त्या मोठ्या प्रकल्पाच्या पलीकडचं आमचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, आणि सव्वीस जानेवारीची तालीम चाललेली. कार्यक्रमाला पाहुणा यायचा आणि त्याला अध्यक्ष करायची एक रीत होती. एक मुलगी पुढे येऊन म्हणणार, आजच्या कार्यक्रमाचं अध्यक्षस्थान अमुक साहेबांनी स्वीकारावं अशी मी सूचना मांडते. मग दुसरी म्हणणार, या सूचनेला मी अनुमोदन देते. पहिलीचं बोलणं लांबलचक. त्यात साहेबांचं नाव, हुद्दा, त्यांचे उपकार. दुसरीचं एका ओळीत खलास.

पहिली दरवर्षी निशा. गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची नात. दुसरी दरवर्षी मी.

त्या वर्षी मी सरांना विचारलं होतं, "सर, यंदा मी सूचना मांडू का?" निशाचं सगळं भाषण मला पाठ होतं. विहिरीवर घागर भरताना मी ते म्हणायची, हातवारे करून. सरांनी माझ्याकडून ते म्हणवूनसुद्धा घेतलं नाही. वर्ग हसला. निशा हसली नाही. ती वेणीची रिबीन नीट करत होती. माझं काय चाललंय याच्याशी तिला काही घेणंच नव्हतं.

मला तिचा हेवा वाटला. दुःख वगैरे म्हणतात ते नंतर आलं असेल. आधी हेवा. तिच्या आवाजाचा, रिबिनीचा, आणि सर तिला "निशाबाई" म्हणायचे त्याचा. पोटात मिरची उतरावी तसा तो उतरला आणि तिथेच राहिला.

कार्यक्रमात मी उभी राहिले. या सूचनेला मी अनुमोदन देते. बसले.

माझं लग्न गावातच झालं, आत्याच्या घरी. म्हणजे सासूच आत्या. निशाचंही घर गावातच राहिलं, कारण एकुलती एक म्हणून तिच्या बापाने जावई आणून घरी ठेवला. मिहान आलं, जमिनीला भाव आला, शेतात प्लॉट पडले. निशाच्या बापाने रस्त्याकडचं शेत प्लॉटवाल्याला दिलं नाही. त्याने तिथं लॉन टाकलं. आमच्याकडे नागपुरात लग्नं लॉनवर लागतात. मोठं मैदान, मधोमध स्टेज, चारी बाजूंनी लाइटिंग, आणि खाली गवत. निशाच्या लॉनचं गवत असं की चप्पल काढून चालावंसं वाटावं.

मी ते गवत जवळून पाहिलं आहे. केटररकडे भांडी घासायला मी तिथं जायची, लग्नसराईत अजूनही जाते. सकाळी त्या गवतावर फवारे सुरू होतात. संध्याकाळी पाहुणे यायच्या आधी पुन्हा. एप्रिलमध्ये, जेव्हा नागपुरात डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही ते हिरवं असतं. मोठाले कूलर लागतात, त्यांच्या टाक्या नळीने भरतात, वरून वाहून जातात. मी राखेचा हात तसाच धरून ते वाहणारं पाणी बघत बसायची. मला गवताचा हेवा वाटायचा. हो, गवताचा. माणसाचा वाटतो तसाच.

कारण आमच्या वस्तीची विहीर त्या लॉनपासून हाकेच्या अंतरावर आहे. मालगुजाराच्या विहिरीवर चढू देत नव्हते म्हणून वस्तीच्या लोकांनी ती खणली. आत्याचे सासरे तिच्यात पहार-सब्बल घेऊन उतरले होते. पुढची सगळी वर्षं तिने पाणी दिलं. लॉनची बोअर झाली आणि विहीर बसली. आता होळीच्या आतच तळ दिसतो. पंचायतीचा नळ येतो एक दिवस आड, तोही करंगळीएवढा. आत्या गुडघ्याला पट्टा बांधून विहिरीच्या पायऱ्या उतरते आणि वाटीने घागर भरते.

ग्रामपंचायतीत आमच्या वॉर्डाची एक जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा मी उभी राहिले आणि निवडून आले. वरच्या वॉर्डातून निशा आली. पहिल्या मासिक सभेत ग्रामसेवकाने ठराव वाचला. सूचक, निशाताई. अनुमोदक, मी. दुसऱ्या ठरावालाही तेच. तिसऱ्यालाही. ठराव म्हटला की एकाने मांडायचा आणि दुसऱ्याने त्याला दुजोरा द्यायचा, असा नियमच आहे. कोणी मांडायचं, हे नियमात लिहिलेलं नाही. ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

सरपंच तिला "ताई" म्हणायचे. मला "अवं". सभेत तिच्या खुर्चीकडे कूलरचं तोंड. मी हे सगळं बघत होते आणि सही करत होते. रस्त्याला खडी, शाळेला रंग, दिवाबत्ती. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? सही केली की घरी येऊन भांडी आपटायची. आत्या म्हणायची, "आता कोनाचं काय पाहून आली?"

मग सरकारचा पाण्याचा नवा कायदा निघाला. निघाला म्हणजे मसुदा आला, आणि गावोगावच्या पंचायतींना, नगर परिषदांना पत्रं आली की तुमचं म्हणणं कळवा. मसुद्यात पुष्कळ काही होतं. मला एकच कलम कळलं, आणि ते कळल्यावर बाकीची कळून घ्यायची मला गरज पडली नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीजवळ कोणाला धंद्यासाठी बोअर चालवायची असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी लागेल. विहिरीचं पाणी तुटत असेल तर पंचायत ती बोअर बंद करू शकेल.

म्हणजे आमची विहीर आणि निशाचं लॉन. मुंबईत बसून कोणीतरी जणू आमच्याच गावावर ते लिहिलं होतं.

आजूबाजूच्या सरपंचांची बैठक झाली. कुठं? निशाच्या लॉनवर. नाश्त्याला तर्री-पोहे होते. प्लेटा मीच धुतल्या, म्हणून माहीत. तिथं सगळ्या पंचायतींसाठी एकच ठराव टाइप झाला, गावाच्या नावाची जागा तेवढी कोरी सोडून. बोअरची अट शेतकऱ्यांवर अन्याय करणारी असल्याने काढून टाकावी, असं त्यात होतं. बैठकीत एकही शेतकरी नव्हता. लॉनवाले होते, पाण्याच्या कॅन विकणारे होते, लेआउट पाडून प्लॉट विकणारे होते. शेतकऱ्यासाठी त्यांचा जीव इतका तुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मासिक सभेत ग्रामसेवकाने तो ठराव वाचला. "सूचक, निशाताई. अनुमोदक..." आणि माझं नाव. विचारलं नाही. लिहून आणलं होतं.

मी म्हटलं, "माझं नाव काढा."

"काहून?" सरपंच म्हणाले.

"मले नाही द्याचं अनुमोदन."

"तुले इचारलं कोनी? सही कर अन् चहा पी."

मग ते निशाकडे वळले आणि मी तिथं नसल्यासारखे तिला समजावून सांगू लागले. "वस्तीतल्या बाईचं नाव खाली असलं का वरचे लोक जास्त इचारत नाही, ताई. म्हनून तर टाकलं."

निशाने मान हलवली. तिला पटलं.

आणि मला तिथं एकदम दिसलं की इतकी वर्षं माझं नाव कशाच्या कामी येत होतं. शाळेच्या रंगाखाली, खडीखाली, दिव्याखाली. मी समजत होते, मी बिनकामाची, म्हणून खाली. तसं नव्हतं. मी खाली लागत होते. माझ्याशिवाय त्यांचं वरचं नाव उघडं पडत होतं.

मी उभी राहिले. "मग माझा ठराव घ्या," मी म्हटलं. "विहिरीजवळच्या बोअरची अट कायद्यात राहू द्यावी, असा ठराव मी मांडते."

मांडते. हा शब्द माझ्या तोंडून सभेत पहिल्यांदा निघाला. आवाज फाटला, पण निघाला.

ग्रामसेवकाने सरपंचांकडे पाहिलं. सरपंच हसले. "घ्या, घ्या. अनुमोदक कोन आहे?"

मी मनोहरभाऊंकडे पाहिलं. आमच्याच वस्तीचे दुसरे सदस्य. त्यांची बायको आणि आत्या त्याच विहिरीच्या पायऱ्या उतरून वाटीने पाणी भरतात. पण मनोहरभाऊंचा बिछायतीचा धंदा आहे, मांडव, गाद्या, खुर्च्या, आणि तो निम्मा निशाच्या लॉनवर चालतो. ते मोबाइलमध्ये बघत होते. मोबाइलचा पडदा काळाच होता. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेले. कोणी खिडकीकडे, कोणी चहाच्या कपाकडे.

"अनुमोदक नाही," सरपंच म्हणाले. "ठराव पडला. लिहा साहेब. अन् ताईच्या ठरावाले मनोहरभाऊचं नाव टाका."

मनोहरभाऊंनी सही केली. बाहेर पडताना ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "समजून घे वं बाई. पोरीचं लग्न काढून राहिलो." मी समजून घेतलं. माफ केलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना लॉनवर फवारे चालू होते. पण त्या दिवशी मला गवताचा हेवा वाटला नाही. निशाचा वाटला, आणि तो वेगळाच. तिने आयुष्यात कधी ठराव मांडून आजूबाजूला पाहिलेलं नाही. सहावीत पाहिलं नाही, सभेत पाहिलं नाही. तिला माहीत असतं, कोणीतरी उठेल. ते उठणारं माणूस तिला शोधावं लागत नाही. मी उठत होते ना. एवढं बिनघोर उभं राहणं मला हवं होतं, आहे. तिची साडी, गाडी, लॉन, सगळं राहू द्या. मला ते हवं.

सरकारच्या पत्रात खाली आणखी एक वाक्य होतं. ग्रामसभेचंही मत घ्यावं. ग्रामसभा म्हणजे सगळे मतदार. तिथं ठराव कोणीही मांडू शकतं आणि दुजोराही कोणीही देऊ शकतं. हे वाक्य सरपंचांना उशिरा दिसलं असावं, कारण दोन दिवसांनी निशा माझ्या दारात आली. स्वतः. स्कूटीवर.

आत्याने खुर्ची पुसून दिली. शेजारच्या बाया जमल्या. निशा छान बोलते, ते मी कधीच नाकारलं नाही. म्हणाली, "मी बाबांशी बोलली. आमच्या बोअरवरून तुमच्या वस्तीले एक नळ काढून देतो. पाइपचा खर्च आमचा. पण ग्रामसभेत तमाशा नको."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. मलाही, खरं सांगते, क्षणभर तो नळ दिसला. दारातला. पायऱ्या नाहीत, वाटी नाही.

मी विचारलं, "लॉनवर लग्न असलं त्या दिवशी नळ येईन का?"

निशा खोटं बोलत नाही. तिला कधी बोलावंच लागलं नाही. ती म्हणाली, "सीझनमध्ये थोडं मागंपुढं होईन ना वं. तेवढं तर समजून घ्या."

"मग राहू दे."

"काहून राहू दे?"

"विहीर आमची आहे. तिचं पाणी तुझ्या बोअरमध्ये गेलं. ते तू मले नळानं देऊन राहिली, अन् वरून मी तुझे उपकार मानू?"

निशाचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. ती उठली. म्हणाली, "तू लहानपनापासून माझ्यावर जळते. एका वर्गात होतो आपन. मी तुले कधी काही वाईट म्हटलं का, सांग."

"नाही म्हटलं."

खरंच नव्हतं म्हटलं. म्हणायला तिच्याकडे नेहमीच दुसरे लोक होते.

"पन जळते ना?"

"हो," मी म्हटलं. "जळते."

ती गेली. आत्या माझ्याशी दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी विहारातून आली आणि म्हणाली, "हेवा वाईट असते बाई. मनातून काढून टाक. दारात पानी येऊन राहिलं होतं." तिचं दुखणं खोटं नाही. मी तिचे गुडघे तेलाने चोळले. गल्लीत बाया म्हणतात, हिच्या मानापायी आपलं पाणी गेलं. विहिरीवर मी गेले की दोघी-तिघी बाजूला सरकतात. हे सगळं मी ऐकते. घागर भरते. येते.

पण हेवा मी काढणार नाही. लहानपणापासून सगळ्यांनी मला तोच काढायला सांगितलं. आईने, आत्याने, विहारातल्या म्हाताऱ्यांनी. पाणी कुठं गेलं ते शोध, असं मात्र कोणी सांगितलं नाही. मला ते या हेव्यानेच दाखवलं. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

ग्रामसभा येत्या आठवड्यात आहे. मी जाणार. मनोहरभाऊंच्या बायकोजवळ मी विहिरीवर अनुमोदनाचा विषय काढला होता. ती काही बोलली नाही, पण सरकलीही नाही. ती हात वर करेल की नाही, मला ठाऊक नाही. कोणीच केला नाही तर ठराव पुन्हा पडेल. मग पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडेन. त्याच्या पुढच्याही.

निशाच्या ठरावाखाली माझं नाव यापुढे कोणाला मिळणार नाही. आणि माईकवरून कोणी म्हणालं की ही बाई जळून बोलते, तर मी त्याच माईकवर हो म्हणेन. विहिरीला पाणी येईपर्यंत जळणार आहे.