अश्फाकला हवा असलेला लांडगा

जतच्या बाजारपेठेत अश्फाक मुलाणीचा फोटो स्टुडिओ आहे. नवरीची नथ सरळ करून फोटो काढावा तर त्यानेच. तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण त्याचा जीव माळावर. लग्नसराई संपली की सकाळी सकाळी मोटारसायकल काढायची आणि गवतात पालथं पडून राहायचं. चंडोल, ससे, खोकड, सगळी कॅमेऱ्यात मिळाली. लांडगा मात्र तीन वर्षं हुलकावणी देत होता.

त्याच्यासाठी अश्फाकने मिरजेहून जवानांसारखं ठिपक्याठिपक्यांचं जाकीट आणलं. ते घालून तो झुडपामागं लपला, आणि पहिल्याच दिवशी तानुबाईची मेंढरं बिथरून चौफेर पांगली.

साठी उलटलेली तानुबाई त्या माळावरची जुनी धनगरीण. मेंढरं गोळा करून ती काठी टेकत त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

“आरं, कुनापासनं लपलायस?”

“लांडग्यापासनं, मावशी. फोटो काढायचा हाय.”

“त्यो मगाशीच तुज्या पाटीमागनं गेला की!”

अश्फाकचं तोंड बघून तिलाच दया आली. “उद्या ये. माजं घोंगडं पांघरून मेंढरात बस. आन् हालू नगंस.”

दुसऱ्या दिवशी तो कळपात बसला. एका मेंढीने कॅमेऱ्याचा पट्टा चघळला, तरी हलला नाही. मग मेंढरांनी एकदम माना वर केल्या. ओढ्याच्या काठावर लांडगा उभा होता. तांबूस, हडकुळा, सरळ त्याच्याकडेच बघत. अश्फाकने श्वास रोखून कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात लांडगा एका कोकराकडे झेपावला.

फोटो की कोकरू, असा विचारही त्याच्या मनात आला नाही. “मावशी, आला!” असं ओरडत तो उठला आणि घोंगड्यात पाय अडकून आडवा झाला. बोट तेवढं बटणावर राहिलं. तानुबाईने काठी भिरकावली. लांडगा रिकाम्या तोंडाने पसार झाला.

घरी येऊन त्याने फोटो पाहिले. आभाळ, स्वतःचाच बूट, मेंढीचा कान. आणि एकात तानुबाई! एक पाय हवेत, काठी उगारलेली, तोंडात शिवी, मागं धुळीचा लोट. लांडग्याची कडेला नुसती शेपटी. इतका जिवंत फोटो त्याला जन्मात साधला नव्हता. मोठा करून त्याने तो दुकानात लावला.

बाजाराला आलेली तानुबाई त्यापुढं बराच वेळ उभी राहिली.

“पदर तरी नीट करू द्याचा हुतास.”

अश्फाक ओशाळला. “दुसरा काढू का, मावशी? खुर्चीत बसवून?”

“नगं, ह्योच दे. जावयाला धाडायचा हाय. सासू लय गरीब सभावाची हाय, म्हनतो त्यो.”