बाबांची गाठ

काल ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या दुकानात सॉफ्टबेटचं, म्हणजे गळाला लावायच्या रबरी माशांचं पाकीट उघडलं आणि बडीशेपेसारखा उग्र वास आला. बारा वर्षांपूर्वी माझ्या मित्राच्या, नितीनच्या नव्या बोटीवर हाच वास होता.

मालवणात जन्मभर मासेमारी केलेले बाबा तेव्हा आमच्याकडे ऑकलंडला आले होते. नितीन रबरी मासे रंगांप्रमाणे डब्यात लावत होता.

"भुकेला मासा रंग विचारतो काय रे? लहान-मोठे वेगळे कर," म्हणत बाबा त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. मग त्याची बोटं धरून त्यांनी त्याला गळाची गाठ शिकवली. तो चुकला की दोघं खदखदून हसायचे. घराण्यातला पहिला पदवीधर मी, समोर बसून नुसता जळत होतो.

"बाबा, मला कधी जाळ्याला हात लावू दिला नाहीस!"

"लावू दिला असता तर कॉलेजात गेला असतास?" बाबा मान वर न करता म्हणाले.

खरं होतं. पदवीचा मला आजही अभिमान आहे. पण बाबा आता नाहीत, आणि त्यांची गाठ शिकायची तर मला नितीनकडेच जावं लागणार.