एकाहत्तरचं घर

लढाईनं माणसाचं भलं होतं, हे वाक्य जगात कुठेही बोलावं. पण जिचं घर लढाईत पडलं तिच्या अंगणात बसून, तिनंच वाढलेला लाडू तोंडात धरून बोलू नये. कुळगावच्या महिपती कराळेनं नेमकं तेच केलं. तेही खणखणीत आवाजात, आणि स्वतःच्या हिंदीत.

महिपती अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये, म्हणजे सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात, कामाला. पितळेच्या वाट्या यंत्राखाली दाबून त्यांची काडतुसांची नळकांडी ओढायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. पाऊस पडला की शेतकरी हसतो आणि लढाई लागली की ऑर्डनन्सवाला हसतो, हे आमच्या भागात उघड बोललं जायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पासष्टच्या लढाईच्या ओव्हरटाइमवर महिपतीचं लग्न झालं. एकाहत्तरच्या लढाईवर कुडाच्या भिंती जाऊन विटांचं घर उभं राहिलं. "पुढं लढाईच झाली नाही, म्हणून गच्ची राहिली," असं त्याची बायको वेणूबाई चारचौघांत सांगायची. गावानं त्या घराचं नाव ठेवलं बांगलादेश. पोस्टमनसुद्धा "बांगलादेशच्या मागची आळी" असा पत्ता सांगायचा. महिपतीला या नावाचा राग नव्हता. उलट नवा माणूस भेटला की नाव कसं पडलं ते तो स्वतःच सांगत बसे.

चौऱ्याण्णवच्या थंडीत त्याला सरकारी खर्चानं फिरायची सवलत, म्हणजे एलटीसी, मिळाली. बाकीचे वैष्णोदेवीला जात. पण शेजारच्या यंत्रावरचा अजैबसिंग म्हणाला, "कराळे, कल्याण से पंजाब मेल पकड, फिरोजपूर उतर. आगे फाजिल्का में मेरी बहन है. दो दिन रह, फिर अमृतसर जा. सरहद्द भी देख लेना, गाव में जाके फेकने को काम आएगी."

फेकायला काहीतरी मिळणार म्हटल्यावर महिपती तयार झाला आणि वेणूबाईला घेऊन निघाला.

अजैबसिंगची बहीण बचिंत कौर साठीची, उंच, मोजकं बोलणारी. तिनं दोघांना उन्हात खाटेवर बसवलं, पिन्नी नावाचे तुपाळ लाडू पुढं ठेवले आणि स्वतः गाजरं किसायला बसली. महिपतीनं आपलं घर बांधताना प्रत्येक वीट डोळ्यांखालून घातलेली, त्यामुळे कुणाकडेही गेला तरी तो आधी भिंत बघायचा, मग माणसं. इथली भिंत कमरेपर्यंत जुन्या चपट्या विटांची होती, वर साध्या बाजारच्या विटांची.

"बहनजी, ये एक भिंत में दो जात का ईंट कैसे?"

"नीचे वाली पुरानी है, वीरजी," भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली. "ऊपर की इकहत्तर के बाद की."

"इकहत्तर!" महिपतीला परमुलखात गाववाला भेटल्यासारखं झालं. "अरे, हमारा भी घर इकहत्तर का! वो लढाई अपने को एकदम लागू पडा. दिन-रात ओव्हरटाइम. इधर लढाई चालू, उधर हमारा भिंत चालू! तुम्हारा भी वैसाच हुआ क्या?"

किसणी थांबली. वेणूबाईनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. महिपतीला वाटलं, बाईला भिंत कळलं नाही. तो म्हणाला, "भिंत मतलब दीवार."

बचिंत कौरनं हात पदराला, म्हणजे तिच्या ओढणीला, पुसले. रागावली नाही. भाजीचा भाव सांगावा तशी बोलायला लागली.

"शाम का वक्त था. आटा गूँध के रखा था, परात वैसी ही छोड़ी. बच्चे गाड़ी में डाले और निकल गए. मेरी सास नहीं आई. बोली, सैंतालीस में एक बार घर छोड़ के आई हूँ, अब दूसरी बार नहीं छोड़ती. तू जा, मैं रोटी सेक के रखती हूँ." तिनं एक गाजर उचललं. "लौटे तो दीवार यहाँ तक थी. बेजी नहीं मिली."

बेजी म्हणजे सासू, हे महिपतीला कुणी सांगावं लागलं नाही. त्याच्या तोंडात अर्धा लाडू होता. गिळता येईना, थुंकता तर येणारच नव्हता.

"और लो ना, वीरजी," बचिंत कौर म्हणाली, आणि पुन्हा गाजर किसायला लागली.

दुपारी दोघांना आत खाटांवर रजया देऊन निजवलं. रजईत शिरल्यावर वेणूबाईचा आवाज हळू पण धारदार झाला. "आपल्या गावात शोभतं ते सगळीकडं शोभतं का, अहो?"

"मला काय माहीत, बाईचं घर..."

"भिंतीकडं बघितलंत, बाईकडं नाही बघितलंत."

महिपती आढ्याकडे बघत पडला. त्याच्या घरापासून दोन स्टेशनांवर उल्हासनगर. सिंध सोडून आलेली माणसं तिथल्या लष्करी बराकींत पडदे लावून राहिली, हे त्याला शाळेपासून ठाऊक. पण ठाऊक म्हणजे काय, तर तिथं पँटचं कापड स्वस्त मिळतं आणि दुकानदारानं सांगितलेल्या भावाच्या निम्म्यानं मागायचं. इतक्या दिवाळ्या तिथं घासाघीस करण्यात गेल्या. कुठून आलात, मागं कोण राहिलं, हे एकदाही तोंडातून निघालं नाही. लढाईतून वाचलेलं गाव बघायला आपण पंजाब मेलनं एवढं लांब आलो, तेही सरकारच्या पैशानं!

आणि मग त्याला अजैबसिंग आठवला. आताचा नाही, तेव्हाचा.

एकाहत्तरच्या त्या डिसेंबरात सगळं खातं खुशीत होतं. एकटा अजैबसिंग पाळी सुटली की गेटाशी तारवाल्याची वाट बघत उभा राहायचा. महिपती त्याला येता-जाता टोचायचा, "काय सरदारजी, डबल पगार मिळतोय तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं? घरवाली सगळा काढून घेते काय?" अजैबसिंग नुसता हसायचा. पुढं वास्तुशांतीला तो कुळगावला आला होता. दारातच महिपतीनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "बोला सरदारजी, अशीच दरसाल एक लढाई होऊ दे!" पाहुणे खो-खो हसले होते. अजैबसिंगनं पेढा खाल्ला होता. सबंध खाल्ला होता.

महिपतीनं रजई तोंडावर ओढली. थंडी होतीच, त्यामुळे वेणूबाईला काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं गावाबाहेर आसफवाल्याला, लढाईत पडलेल्या जवानांच्या समाधीवर गेली. कुळगावहून निघताना महिपतीनं इथं काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं: माझ्या हातची काडतुसं इथं उडाली. तिथल्या म्हाताऱ्या राखणदारानं आपुलकीनं विचारलंही, "कहाँ से आए हो? काम क्या करते हो?"

"बम्बई साइड," महिपती म्हणाला. "खेती है."

ज्यानं जन्मात नांगराला हात लावला नव्हता, त्याच्याकडे वेणूबाईनं एकदा वळून बघितलं. तिनं तिथंच टोकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

निघताना बचिंत कौर बसपर्यंत आली. पिन्नीचा डबा वेणूबाईच्या हातात दिला. महिपती घसा साफ करत होता. माफीचं हिंदी त्यानं सकाळपासून जुळवलं होतं, ते आयत्या वेळी तोंडात येईना. "बहनजी, वो मैं कल..."

"वीरजी, एक काम करना," तीच म्हणाली. "अपने घर की एक फोटो भेजना."

"घर की?"

"हाँ. हमारी दीवार गिर रही थी तब किसी की तो चढ़ रही थी. वो देख लूँ एक बार."

टोमणा होता की माया होती, ते महिपतीला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. "भेजेगा. पक्का," तो म्हणाला. बस सुटली.

कामावर गेल्यावर अजैबसिंगनं विचारलं, "क्या खिलाया मेरी बहन ने?" महिपतीनं यंत्र बंद केलं. "सरदारजी, तुम तब बोला क्यों नहीं?"

तब म्हणजे कधी, हे अजैबसिंगनं विचारलं नाही. पितळेच्या वाटीवर बोट फिरवत तो म्हणाला, "क्या बोलता? ओव्हरटाइम मैं भी तो कर रहा था, कराळे." आणि त्यानं आपलं यंत्र सुरू केलं. त्या आवाजात पुढचं बोलणं शक्य नव्हतं, आणि बहुधा त्यासाठीच ते सुरू केलं होतं.

फोटोचं मात्र लांबत गेलं. आधी वेणूबाई म्हणाली, भिंतीला चुना लावा, मग काढा. चुना झाला. आळीतल्या चंदूनं कॅमेरा आणला, दोघांना दारात उभं केलं आणि नको तेव्हा ओरडला, "काका, हसा! बांगलादेश जिंकल्यासारखं हसा!" महिपती सवयीनं हसला. फोटो उत्तम आला, पण त्यातलं ते हसू त्याला बघवेना. दुसऱ्यांदा नुसत्या घराचा काढला. वेणूबाई म्हणाली, "विकायला काढल्यासारखं दिसतंय." तिसऱ्यांदा महिपती गंभीर तोंड करून उभा राहिला, तर चंदूच म्हणाला, "काका, कोण गेलं?"

अजैबसिंग निवृत्त होऊन कायमचा बहिणीकडे निघाला. निरोपाच्या दिवशी गेटाशी त्यानं महिपतीला मिठी मारली. "फोटो दे दे, मैं ले जाता हूँ. हर चिट्ठी में पूछती है."

"रोल धुवायला टाकलाय," महिपती म्हणाला. "आला की पोस्टानं धाडतो."

तिन्ही फोटो तेव्हा त्याच्या घरात, बचिंत कौरच्या त्याच पिन्नीच्या डब्यात होते. अजूनही आहेत. गावानं घराला बांगलादेश म्हणायचं सोडलेलं नाही. नाव कसं पडलं असं नव्या माणसानं विचारलं, तर महिपती म्हणतो, "काय की. लोक काहीही म्हणतात." हसऱ्या फोटोच्या पाठीवर फाजिल्क्याचा पत्ता वेणूबाईनं कुणाकडून तरी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलाय. दर दसऱ्याला डबा घासायला निघतो, तेव्हा फोटो बाहेर येतात. ती नुसतं त्याच्याकडे बघते. तो म्हणतो, "धाडतो गं, या आठवड्यात," आणि ती डबा घासून, पुसून, फोटो पुन्हा आत ठेवते.