डावीकडच्या फुल्या

भरतकामाला बसलं की एकीने दुसरीच्या कापडाला हात लावायचा नाही, हा नियम मीच घातला होता आणि मीच मोडला. चांगल्या मनाने मोडला, असं मी स्वतःला बजावत होते. चांगलं मन कशाशी खातात ते मला त्या गुरुवारी कळलं.

माझं दोरे-बटणांचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे एक खोली. खोलीत एक लांब टेबल, तीन खुर्च्या, एक कपाट आणि भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. दर गुरुवारी दुपारी बारा ते अडीच आम्ही तिघी तिथे बसून फुलीच्या टाक्याचं भरतकाम करायचो. मी, मावशी आणि कॅप्टन. मावशी समोरच्या इमारतीत राहतात. वय शहात्तर, दोन्ही कान अधू, आणि ऐकू न येण्याचा पुरेपूर फायदा घेणार. कॅप्टन शाळेच्या मुलांची पिवळी गाडी चालवायची. हे नाव गाडीतल्या पोरांनी ठेवलेलं, आणि ते तिला इतकं चिकटलं की तिच्या मुलीसुद्धा फोनवर तिला कॅप्टनच म्हणायच्या.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना सांगते. कागदावर चौकटी असतात. एक चौकट म्हणजे कापडावर एक फुली. कागदावर मोजायचं, कापडावर घालायचं. अक्कल फारशी लागत नाही, लक्ष मात्र लागतं. मोजता मोजता माणूस आपलं रडगाणं विसरतो, आणि म्हणून तर मी कॅप्टनला त्यात ओढलं.

तिची कहाणी अशी. गाडी आधी तिचा नवरा चालवायचा. त्याची कंबर कायमची गेली तेव्हा ही छत्तीस वर्षांची, पदरात दोन मुली. हिने चाक हातात घेतलं तर पालकांनी गहजब केला. बाईच्या भरवशावर पोरं कशी सोडायची? चौदातली नऊ मुलं पहिल्याच महिन्यात काढून घेतली. ही उरलेल्या पाच जणांना घेऊन रोज वेळेवर जात राहिली. दोन वर्षांत गाडी भरली, मग मोठी गाडी आली. बावीस वर्षांत एका पोराला खरचटलं नाही. कोणाला वळणावर मळमळतं, कोण शेजारच्याला चिमटे काढतं, कोणाची आई फाटकापर्यंत येत नाही, सगळं तिला तोंडपाठ. माझी नात पहिलीत गेली तेव्हा मी मुलाला सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसवायचं नाही म्हणून.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. त्यानंतर सकाळची फेरी झाली की ती माझ्या दुकानासमोर गाडी लावायची आणि दुपारच्या फेरीपर्यंत चाकावर हात ठेवून नुसती बसायची. दोन दिवस मी बघितलं, तिसऱ्या दिवशी जाऊन काच ठोकली.

"बाई, गाडी लाव खुशाल. पण असं तोंड करून बसलीस तर गिऱ्हाईक यायचं नाही माझ्याकडे. आत ये."

ती आली. मी तिच्या हातात कापडाचा तुकडा आणि निळ्या दोऱ्याची लडी दिली. महिन्याभराने तिने पहिलं चित्र पूर्ण केलं. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "गाढव का गं हे?"

"बदक आहे, मावशी."

"हो का! मग गाढव मला दाखव झालं की." कॅप्टन इतकी हसली, इतकी हसली की शेवटी रडली, आणि त्या दिवसापासून ती पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

गेल्या वर्षी तिने मोठं चित्र घेतलं. धाकट्या मुलीच्या नव्या घरासाठी, बंदरातल्या होड्यांचं. गाडीतल्या तेलाचे डाग लागू नयेत म्हणून कापड माझ्याच कपाटात असायचं. एका शुक्रवारी सकाळी दुकानात चिटपाखरू नव्हतं म्हणून मी ते उघडून बघत बसले. काम सुरेख होतं. फक्त डाव्या कडेला प्रत्येक ओळ दोन फुल्या उशिरा सुरू झाली होती. वीसेक ओळी, सगळ्या तशाच.

मला काय वाटलं? वाटलं, चष्मा जुना झालाय. वाटलं, दमते बिचारी. सांगितलं तर स्वाभिमानी बाई सगळं उसवत बसेल, नाहीतर सोडूनच देईल आणि पुन्हा जाऊन गाडीत बसेल तोंड पाडून. मग मी तोच दोरा काढला आणि त्या दोन-दोन फुल्या भरून टाकल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मग दोनाच्या तीन झाल्या, उन्हाळ्यानंतर एकदम सहा. मी भरत गेले. वर तिने कापड हातात घेऊन "आता जमायला लागलं हं मला" म्हटलं की मनात खूशही व्हायची. मूर्ख बाई!

त्या गुरुवारी ती बाराला आली तेव्हा गाडीचा डावा आरसा चिकटपट्टीवर लोंबकळत होता.

"हे आणि काय?" मी विचारलं.

"ठोकून गेला कोणी मेला. उभ्या गाडीला."

महिन्यात तिसऱ्यांदा कोणीतरी ठोकून गेलं होतं, आणि दर वेळी डावीकडेच. आम्ही बसलो. दीड-पावणेदोन तासांनी मी थर्मासमधून चहा ओतला, तिचा कप तिच्या डाव्या हाताशी ठेवला. पाचेक मिनिटांनी ती म्हणाली, "मला चहा नाही का आज?"

"कोपराशी आहे की गं!" मावशी ओरडल्या. कॅप्टनने मान पार वळवली तेव्हा तिला कप दिसला. "म्हातारी झाले बाई," ती हसत म्हणाली. मग कात्रीसाठी हात लांबवला आणि टाचण्यांची डबी खाली पाडली.

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. अडीचला ती निघायची, तीनला शाळा सुटायची. मी तिच्या हातातून कापड घेतलं. त्या दिवशी घातलेल्या ओळी डावीकडून नऊ फुल्या सोडून सुरू झाल्या होत्या, सगळ्या एका रेषेत, कात्रीने कापल्यासारख्या. चुकून मोजणारा कधी एक सोडतो, कधी दोन जास्त घालतो. ही चुकत नव्हतीच. जेवढं दिसत होतं तेवढं बरोबर मोजत होती.

"ही लाल ओळ मोजून दाखव बरं," मी कागद पुढे केला.

"परीक्षा आहे का? पंधरा."

"चोवीस," मावशी म्हणाल्या.

"मावशी, कानांसोबत डोळेही गेले वाटतं. पंधरा आहेत."

मी खाली सांडलेल्यातली लाल डोक्याची एक टाचणी उचलली आणि ओळीच्या डाव्या टोकाला कागदात खोचली. "ही टाचणी दिसते?"

"कुठली टाचणी?"

मी कागद उलटा फिरवला. डावं टोक उजवीकडे आलं.

"ही होय? आत्ता लावलीस."

"मी लावली नाही आत्ता. आधीपासून तिथेच आहे."

मग तिने स्वतः कागद पुन्हा सरळ केला. टाचणी गेली. उलटा केला. आली. असं तिने चार वेळा केलं. मावशींचा चहा तसाच राहिला होता.

"दिव्याचा प्रकाश असेल," कॅप्टन म्हणाली आणि उठली. "चला, मला निघायला हवं."

"आज गाडी काढू नकोस."

"वेड लागलंय का तुला? सव्वीस पोरं फाटकात उभी राहतील."

"राहू देत उभी. तुला डावीकडचं दिसत नाहीये. पोरं डावीकडूनच चढतात ना?"

"एका कागदावरून मला शिकवतेस? बावीस वर्षं गाडी चालवतेय मी! आणि असं काही असतं तर माझं हे कापड इतकं नीट झालं असतं का? बघ ना, बघ! एक फुली चुकलेली दाखव!"

खरं सांगते, त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. तिने कापड माझ्या नाकासमोर धरलं होतं, आणि त्यात एक फुली चुकलेली नव्हती, त्या दिवसाच्या ओळी सोडल्या तर. मी ते हातात घेतलं आणि उलटं टेबलावर पसरलं. मागच्या बाजूला प्रत्येकीचा हात वेगळा असतो. ती दोरा उभा नेते, मी आडवा नेते. पाठीमागून सगळी कड माझ्या आडव्या दोऱ्यांनी भरलेली होती. उलटं केल्याने ती कड आता उजवीकडे आली होती, तिला नीट दिसेल अशी.

"हे मी भरलंय," मी म्हटलं. "दर शुक्रवारी. तू डावीकडे सोडत होतीस आणि मी भरत होते."

तिने त्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. कुठे दोन, कुठे तीन, खाली सहा.

"किती दिवस?"

"सात महिने."

"सात महिने तुला माहीत होतं."

"हे माहीत नव्हतं गं! मला वाटलं, चष्मा..."

"तुझी नात माझ्या गाडीत बसते," ती हळू बोलत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "दुसऱ्या रांगेत. मी डावीकडे सोडतेय हे तुला दर शुक्रवारी दिसत होतं, आणि तू दर सोमवारी तिला माझ्या गाडीत चढवत होतीस. आणि मला काय म्हणत होतीस? छान जमतंय."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट!"

तिने किल्ली उचलली. मी दारात जाऊन उभी राहिले. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बाजूला हो."

"नाही होणार."

"हो म्हणते ना!" तिने मला खांद्याने ढकललं आणि ती दुकानातून बाहेर गेली. मी मागे धावले, चपला न घालताच. आडवी पडेन गाडीपुढे, असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि डावीकडे पडले तर हिला दिसणारही नाही, हेही त्याच वेळी डोक्यात आलं.

पण ती दार उघडून चढली नाही. ती गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेली. चिकटपट्टीचा आरसा तिने पाहिला. त्याखालचा पत्रा चेपलेला होता. मागच्या चाकाजवळ लांबलचक ओरखडा होता, तो तिने वाकून पाहिला आणि त्यावर हात ठेवला. ओरखडा तिच्या कमरेच्याही खाली होता, एखाद्या सहा-सात वर्षांच्या पोराच्या खांद्याइतका उंच. ती बराच वेळ तशीच वाकून उभी होती. रस्त्यावरून माणसं जात होती, एकाने विचारलंही, पंक्चर का म्हणून.

मग ती आत आली आणि काउंटरवरच्या फोनवरून तिने शाळेत फोन लावला.

"मी बोलतेय. आज गाडी घेऊन येत नाही, दुसरा ड्रायव्हर बघा. नाही, ताप नाही. मला डावीकडचं दिसत नाही. हो, डोळ्यांनी. अहो, दिसत नाही म्हणजे दिसत नाही!" पलीकडचा काहीतरी म्हणाला. "मग साडेतीन होऊ देत. सगळ्यांना आत बसवा, एकालाही फाटकाबाहेर सोडू नका. नव्या माणसाला सांगा, चष्मेवाल्या मुलीला खिडकी द्या, नाहीतर उलटी होते तिला. जुळ्यांना एकत्र बसवू नका. आणि शेवटच्या थांब्यावर घाई करू नका म्हणावं, तो छोटा मागे बघत बघत उतरतो."

तिने फोन ठेवला, किल्ली काउंटरवर सरकवली आणि खुर्चीत बसली. मावशींनी तिचा हात धरला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. बावीस वर्षांची फेरी अशी माझ्या दुकानात, बटणांच्या डब्यांमध्ये संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मला वाटलं होतं, ती कधी बोलणारच नाही. "दवाखान्यात जायचंय. मुली लांब आहेत, तू चल," एवढंच म्हणाली. तपासण्यांत चार दिवस गेले. एका यंत्रात डोकं घालून ठिपके दिसले की बटण दाबायचं होतं. उजवीकडे ती पटापट दाबायची, डावीकडे ठिपके येऊन जायचे आणि तिचा अंगठा हलायचा नाही. मी काचेबाहेरून बघत होते. मग मेंदूचे फोटो काढले. रिक्षात आम्ही दोघी शेजारी बसायचो, ती मला उजवीकडे बसवायची आणि बाहेर बघायची.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावले. डोळे ठीक आहेत, म्हणाले, बघणारा मेंदूचा भाग मागे असतो, तिथे दोनदा रक्त पोहोचलेलं नाही. एक डाग जुना, लहान. दुसरा नंतरचा, मोठा.

"जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आता गोळ्या सुरू करू, म्हणजे तिसरा येणार नाही असं बघू. पहिल्या वेळीच आला असतात, तर हा मोठा कदाचित टळला असता." त्यांनी पेन उघडलं. "पहिल्यांदा कधी लक्षात आलं तुम्हाला?"

"मला गुरुवारी," कॅप्टन म्हणाली. "त्याआधीचं हिला विचारा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. तीही वळली, पूर्ण मान वळवून, कारण त्या खोलीत मी तिच्या डावीकडे बसले होते.

"सात महिन्यांपूर्वी," मी म्हटलं. "दोन चौकटी होत्या तेव्हा."

डॉक्टरांना काही कळलं नाही. कसल्या चौकटी, त्यांनी विचारलं, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, तिच्यासमोर.